भाऊचा झाला माऊ

मारुती मंदिरच्या चौकात शमिकाने स्कूटी अशी काही गचकन थांबवली, की मागचा रिक्षावाला तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच पुढे गेला. तिला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. ती मान वर करून बघत होती. समोर दोन खांबांच्या मध्ये एक बॅनर ताणून बांधला होता, आणि त्या बॅनरवर तिची अक्षरं होती.

तिची म्हणजे खरोखर तिची. मुंबईत अक्षररचनेचं शिक्षण घेऊन ती रत्नागिरीला घरी परतली होती, आणि खिडकीशी बसून ब्रश आणि शाईने एकेक अक्षर काढून, मग ते कॉम्प्युटरवर घेऊन तिने एक फॉन्ट बनवला होता. त्याचं नाव ‘लाट’. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, बॅनर... जिथे अक्षरांनी जरा नटूनथटून यायचं असतं, तिथला हा फॉन्ट. त्याचा सगळा तोरा वरच्या रेघेत होता. शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती एका दमात वाहत जायची, कुठेही न तुटता. त्या रेघेवर शमिकाचा भारी जीव. तिची मामेबहीण स्नेहल हिचं फ्लेक्सचं दुकान होतं, आणि तिनेच हा फॉन्ट पहिल्यांदा वापरून बघितला होता.

शमिकाने फोन काढला, फोटो घेतला. मग आडवा धरून आणखी एक घेतला. जानेवारीतलं ऊन मऊ पडलं होतं, कुठूनतरी मोहराचा वास येत होता, आणि आपण किती छान दिवशी जन्माला आलो असं तिला वाटत होतं.

“जरा वाचून दाखवता काय ते?”

तिने वळून बघितलं. उंच, सावळा, खांद्याने रुंद असा एक जण मोटारसायकलला टेकून तिच्यासारखाच वर बघत उभा होता. बिचारा चष्मा विसरला असेल, असं तिच्या मनात आलं. शाळेतल्या वक्तृत्वाच्या थाटात तिने वाचायला सुरुवात केली.

“खाडीकोपरा क्रीडा मंडळाच्या कबड्डी संघाचे नवे कर्णधार, आपले लाडके अभय भाऊ यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, बाबल्या आणि मित्रमंडळ.”

त्याने डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला.

“भैरीबुवा पावला! सापडलं एक माणूस.”

“म्हणजे?”

“अहो, बॅनर लागल्यापासून अख्खी रत्नागिरी वाचतेय. भाऊ वाचणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

“मग बाकीचे काय वाचतात?”

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. समोरून एक मोटारसायकल गेली, आणि तिच्यावरचे दोघे एका सुरात ओरडले, “म्याँऽऽव! काय रे माऊ, दूध प्यालास काय?”

शमिकाने बॅनरवरचा फोटो बघितला. मग शेजारी बघितलं. तोच चेहरा, तेच रुंद खांदे. मग तिने ती अक्षरं बघितली, या वेळी परक्या माणसाच्या डोळ्यांनी.

‘अमय माऊ.’

तिचे कान तापले. भ आणि म यांच्यात फरक तो केवढा! भच्या डाव्या खांद्यावर रेघ तुटते, तिथे जरा जागा मोकळी सुटते. मवर रेघ सलग जाते, एवढंच. आणि तिची लाडकी रेघ कुठेच तुटत नव्हती. अभिनंदनातला भ लोकांनी सांभाळून घेतला होता, कारण तो शब्द बॅनरवर बघून बघून सगळ्यांना पाठच आहे. पण ‘आपले लाडके’ यांच्यापुढे ‘माऊ’ आल्यावर कोण कशाला सांभाळून घेईल?

“तुम्हाला काय होतंय? पाणी देऊ?” तो म्हणाला.

“नको... ऊन लागलं.”

“जानेवारीत?”

खरं सांगायची वेळ तीच होती. ‘हे माझं काम, चूक माझी’, एवढं वाक्य पुरलं असतं. पण तो हसत होता, आणि हसताना त्याच्या गालाला एकाच बाजूला खळी पडत होती, आणि ते वाक्य राहूनच गेलं.

“आमचा बाबल्या,” तो सांगत होता, “लहानपणापासूनचा मित्र. हौस भारी. दुकानवाल्यांनी डिझाइन फोनवर पाठवलं, याने न बघता अंगठा दाखवून ओके दिलान. आता मी माऊ. जाऊ दे! तुम्ही काय करता?”

“कॉम्प्युटरचं... काम.”

“शनिवारी मॅच आहे आमची. या ना. एक तरी माणूस मला भाऊ वाचणारं असू दे तिथे.”

त्याने हात पुढे केला. तिने तो हातात घेतला आणि दचकलीच. हात बर्फासारखा गार होता.

“मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात आहे मी,” तो म्हणाला. “होड्यांना बर्फ आमचाच जातो. माणूस गरम आहे, हात तेवढा थंड.”

शमिका हसली, आणि हसल्याबद्दल तिला स्वतःचीच लाज वाटली.

* * *

“मी बोललेली तुला,” दुकानात स्नेहल कपाळावर हात मारून म्हणाली. “भ वाटत नाय तो, रेघ तोड जरा. तर तू काय बोललीस? ‘लोक अक्षर वाचत नाहीत गो, शब्द वाचतात.’ घे! वाचलानी लोकांनी शब्द.”

शमिका खुर्चीत मुटकुळं करून बसली होती. ते वाक्य तिचंच होतं. नाक वर करून, मुंबईत शिकून आल्याच्या तोऱ्यात म्हटलेलं.

“त्या बाबल्याला सांगितलंस का, की गडबड फॉन्टमध्ये होती?”

“तू सांगशील म्हणून गप्प बसले,” स्नेहल म्हणाली. “फॉन्ट तुझा, तोंडही तुझंच.”

त्याच संध्याकाळी शमिकाने भ दुरुस्त केला. ध दुरुस्त केला, त्यालाही तीच खोड लागली होती. रेघ तोडली, जागा सोडली. अक्षर लगेच मोकळं वाटायला लागलं, जसं काही इतके दिवस मान दाबून बसलं होतं. बॅनरही उतरला होता. पण लोकांच्या फोनमधले फोटो कोण उतरवणार?

शनिवारी ती मॅचला गेली. नाही गेले तर बरं दिसणार नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. निघताना आरशापुढे इतका वेळ का लागला, ते मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

अभय चढाईला उतरला. मधली रेघ ओलांडून, वाकून, हात पसरून तो ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत आत शिरला, आणि लाल मातीवर त्याचे पाय असे हलके पडत होते की शमिका श्वास घ्यायची विसरली. समोरच्या संघातल्या खेळाडूंनी एकमेकांकडे बघितलं. कोपऱ्यातला हळूच म्हणाला, “माऊ माऊ माऊ... ये ये...”

मग प्रेक्षकांतून एक म्याँव आलं. मग दहा आले. मग सगळं मैदानच मांजरांचं झालं.

अभयला हसू आलं. हसू आलं म्हणजे दम तुटला, आणि दम तुटला की चढाई संपली. पंचांनी बाद दिलं. पहिल्यांदा सगळे हसले, तोही हसला. पण पुढच्या चढाईला तसंच झालं, आणि त्याच्याही पुढच्या. मॅच सुटली तेव्हा खाडीकोपरा हरला होता, आधीच्या गुणांवर फायनल तेवढी वाचली होती, आणि अभय हसत नव्हता.

शमिका त्याला भेटायला मैदानाच्या कडेला गेली. तिथे एक बुटका, गोल चेहऱ्याचा तरुण टॉवेल घेऊन उभा होता.

“साधं भाऊ वाचता येत नाय तुला?” अभय त्याच्यावर ओरडला. “ओके देताना डोळे कुठे होते तुझे, बाबल्या?”

“मला भाऊच दिसलंलं रे...”

“सगळ्या गावाला माऊ दिसतं, आणि तुला एकट्याला भाऊ दिसलं?”

“आईशप्पथ. मी नीट बघून अंगठा दिलेला.”

“जा तू. फायनलला येऊ नकोस.”

बाबल्याने टॉवेल बाकावर ठेवला. घडी घालून ठेवला, आणि गेला.

शमिका हाकेच्या अंतरावर उभी होती. ‘थांबा’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अभयने वळून तिला बघितलं आणि त्याचा चेहरा जरा निवळला. तो निवळलेला चेहरा बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

* * *

त्यानंतर फोन सुरू झाले. ‘जेवलीस का’पासून ‘आज कारखान्यात बर्फाची लादी पायावर पडता पडता राहिली’पर्यंत. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकीकडे शमिका फोनची वाट बघायची, दुसरीकडे फोन वाजला की आज सांगायचंच असं ठरवायची, आणि फोन ठेवताना स्वतःला शिव्या घालायची. हा माणूस आवडायला लागलाय, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आपण त्याला ज्या कारणासाठी आवडतोय ते कारणच खोटं आहे, हेही तेवढंच स्वच्छ दिसत होतं.

फायनलच्या आधीच्या रविवारी तो तिला आरे-वारेला घेऊन गेला. वरच्या वळणावरून दोन्ही किनारे दिसतात, तिथे न थांबता थेट खाली वाळूवर. ओहोटी होती. ओली वाळू पाटीसारखी गुळगुळीत पसरली होती.

“बाबल्या बोलतो का तुझ्याशी?” तिने विचारलं.

“नाय. मीही नाय बोलत.” त्याने एक शिंपला उचलून पाण्यात भिरकावला. “चुकतं गो माणसाचं. पण निदान कबूल तरी करायचं! शेवटपर्यंत काय, तर म्हणे मला भाऊच दिसलं. ते खोटं बोललेलं मला झोंबलं.”

शमिका वाळूकडे बघत राहिली.

“आणि तू,” तो म्हणाला, आवाज एकदम खाली आला, “तू पहिल्याच नजरेत बरोबर वाचलंस. तेव्हाच मला वाटलं... म्हणजे, सगळं जग हसत असताना ज्या मुलीला आपण नीट दिसतो... शमिका, मी काय म्हणत होतो—”

“नको म्हणूस!”

ती एवढ्या जोरात ओरडली की वाळूवरचे खेकडे बिळात गेले.

“नको? बरं...” त्याचा चेहरा पडला.

“तसं नाही. आधी माझं ऐक. मग तुला म्हणावंसं वाटलं तर म्हण.”

ती गुडघ्यावर बसली. बोटाने तिने वाळूत भ काढला. मग वरून एक सुंदर, लांब, न तुटणारी रेघ ओढली. वाळूत म उमटला.

“हे बघ. ही रेघ माझी आहे. तो फॉन्ट मी बनवलाय. त्या दिवशी चौकात मी तुला नाही वाचलं, अभय. मी माझं काम मिरवत होते. मला भाऊ दिसलं, कारण मला ठाऊक होतं मी काय काढलंय. स्नेहलने मला आधीच सांगितलं होतं, भ चुकतोय म्हणून. मी ऐकलं नाही. रेघ तोडली की शोभा जाईल, असं वाटलं मला.”

लाट आली, दोघांचे पाय भिजवून गेली.

“बाबल्या खोटं बोलला नाही,” ती म्हणाली. “त्याला खरंच भाऊ दिसलं. त्याला मायेने दिसलं. मला दिसलं ते घमेंडीने.”

“त्या दिवशी तू तिथे होतीस,” अभय हळू म्हणाला. “मी त्याला जा म्हटलं, तेव्हा. तू ऐकत होतीस.”

“हो.”

“तो टॉवेल ठेवून गेला.”

“हो.”

त्याने चिडायला हवं होतं, चार शब्द बोलायला हवे होते. ती वाट बघत राहिली. पण तो एवढंच म्हणाला, “चल, सोडतो घरी.” आणि त्याने मोटारसायकल काढली. मागे बसून शमिका रडत होती, आणि वाऱ्याचा आवाज मोठा होता हीच काय ती मेहरबानी.

* * *

बाबल्याचं पंक्चरचं दुकान होतं. शमिका गेली तेव्हा तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. तिने सगळं सांगितलं. तो ट्यूब विसरून ऐकत बसला.

“म्हणजे माझे डोळे ठीक हायत?” त्याने शेवटी विचारलं.

“अगदी ठीक.”

“आयला! मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावलेला गो!” तो जोरात हसला, आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसले. “मला वाटायला लागलंलं, मीच काहीतरी केलंय. एवढा दोस्त आपला...”

“फायनलला या तुम्ही.”

“त्याने बोलवलं तर येईन. तुमच्या सांगण्यावरून नाय.”

ते बरोबरच होतं. शमिकाने मान खाली घातली आणि घरी आली.

चूक चौकात टांगली गेली होती. माफी कानात सांगून कशी चालेल? तिने पांढरं कापड आणलं आणि अंगणात पसरलं. कॉम्प्युटर बंद ठेवला, रुंद ब्रश घेतला, काळ्या रंगात बुडवला. प्रत्येक भच्या खांद्यावर रेघ तोडताना तिच्या जिवावर आलं. पण तोडली.

फायनलच्या दिवशी, लोक जमायच्या आत, तिने आणि स्नेहलने ते कापड मैदानाच्या दारावर बांधलं. अक्षरं लांबून दिसत होती.

‘हे अभय भाऊच आहेत.
माऊ लिहिलं ते मी.
बाबल्याने वाचलं ते बरोबर.’

आणि खाली, जिथे शुभेच्छुकांचे फोटो आणि नावं असतात, तिथे तिचा फोटो चिकटवलेला होता आणि शेजारी ‘शुभेच्छुक’ऐवजी नुसतं लिहिलं होतं, ‘चूक : शमिका’.

“मेल्ये, फोटो कशाला लावलास?” स्नेहल कळवळली.

“त्याचाही होता ना.”

मग व्हायचं ते झालं. येणारा प्रत्येक जण थांबला, वाचून हसला. पोरींनी बोटं दाखवली. कुणीतरी म्हणालं, “म्याँव मॅडम!” आणि सगळी रांग म्याँव म्याँव करत आत गेली. जमीन दुभंगेल तर बरं, असं शमिकाला वाटत होतं. पण ती कापडाखाली उभी राहिली, हलली नाही. एवढे दिवस तो हेच सोसत होता.

खाडीकोपऱ्याचा संघ आला. अभय दारात थांबला, त्याने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. तिच्याकडे न बघता त्याने खिशातून फोन काढला.

“बाबल्या,” तो फोनवर म्हणाला, “कुठे आहेस? टॉवेल घेऊन ये... हां, मीच चुकलो रे. ये.”

मॅच कशी झाली ते शमिकाला पुढे कुणी विचारलं तर नीट सांगता यायचं नाही; तिचं अर्धं लक्ष दाराकडे, बाबल्या येतो का याकडे होतं. एवढं आठवतं की शेवटच्या चढाईला समोरच्यांनी पुन्हा माऊ माऊ सुरू केलं, आणि तेवढ्यात प्रेक्षकांतून एक घोगरा आवाज उठला, “भाऊऽऽऽ!” टॉवेल फिरवत बाबल्या बाकावर उभा होता. मग स्नेहल ओरडली, मग तिच्या शेजारचे, मग सगळेच. अभय हसला, पण या वेळी दम तुटला नाही. दोघांना शिवून, मधल्या रेघेवर आडवा पडून तो परत आला, आणि जिंकल्याच्या आनंदात त्याच्यावर सगळा संघ पडला.

गर्दी पांगली तेव्हा उन्हं कलली होती. शमिका कापडाची दोरी सोडत होती. गाठ घट्ट बसली होती.

“जरा वाचून दाखवता काय ते?”

ती वळली. अंगभर लाल माती, कपाळावर घाम, आणि गालावर एकाच बाजूची ती खळी. लांबवर बाबल्या पाठ करून उभा होता, इतका मुद्दाम की तो सगळं ऐकतोय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

तिने वाचलं. ‘चूक’पर्यंत आली आणि थांबली.

“भ छान काढलायस,” तो म्हणाला. “वर मोकळी जागा सोडलीस.”

“तिथे रेघ तोडावीच लागते. मला उशिरा कळलं.” तिने मान खाली घातली. “मी फार वाईट वागले. तुझ्याशी, त्याच्याशी. मला माफ करा, अभय भाऊ.”

“थांब, थांब.” त्याने गार हाताने तिचं मनगट धरलं. “भाऊ कुणाचा?”

“म्हणजे?”

“अख्ख्या रत्नागिरीचा भाऊ व्हायला मी तयार आहे. तुझा नाय व्हायचं मला.”

शमिकाच्या हातातली दोरी सुटली. कापडाचं एक टोक खाली आलं आणि वाऱ्यावर दोघांच्या मध्ये फडफडत राहिलं.

“मग... काय म्हणू?”

“लिहिलंस ते.”

तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कापडाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. इतके दिवस या शब्दाची तिला लाज वाटत होती. आता तोच शब्द ओठांवर आला होता, आणि ती नुसती लाजत होती.

“माऊ,” ती हळूच म्हणाली.

“ओ,” तो म्हणाला.